जुनी रोड बाइक फ्रेम घेताय? आधी टायरची जागा बघा, मग कार्बन-स्टीलचं बोलू

जुनी फ्रेम बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, "कार्बन आहे का?" कार्बन मऊ, स्टील लवचीक आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कंबरडं मोडणार, असं बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण बोललं जातं तेवढं नाही. फ्रेम आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, पैसे मोजण्याआधी हे पत्रक मात्र वाचा.

रोड बाइकची फ्रेम म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन त्रिकोण. असा सांगाडा वरून भार आला तरी जवळजवळ दबत नाही, मग तो कशाचाही असो. चाक खड्ड्यात गेलं की आधी दबतो टायर, मग थोडी वाकते सीट पोस्ट, म्हणजे सीटचा दांडा. फ्रेमचा वाटा सगळ्यात शेवटी येतो आणि तो फार छोटा असतो. आपल्या इंदुरात तर हे रोज अनुभवायला मिळतं. शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यांवर दर काही मीटरला सांधा येतो आणि प्रत्येक सांधा मनगटात कळतो. शहराबाहेर माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबरी रस्त्याला लाटा पडतात. अशा रस्त्यावर २३ मिमीचा टायर १०० पीएसआय हवेवर चालवलात तर महागातली कार्बन फ्रेमही हाडं खिळखिळी करील. साध्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर २८ मिमीचा टायर लावून ७० किलोच्या माणसाने मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास हवा ठेवली, तर उज्जैनपर्यंत जाऊनही पाठ बोलत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, हिच्यात किती रुंद टायर बसतो ते आधी विचारा. रिम ब्रेकच्या जुन्या रेसिंग फ्रेममध्ये बऱ्याचदा २५ मिमीवर गोष्ट संपते. २८ मिमीचा टायर ब्रेकच्या खाली किंवा चेन-स्टेला, म्हणजे पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला, घासतो. डिस्क ब्रेकच्या अलीकडच्या फ्रेममध्ये बहुधा ३० ते ३२ मिमी आरामात मावतो. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, रुंद रिमवर तोच टायर दोन मिमी जास्त फुगू शकतो. चाक बसवा, पूर्ण हवा भरा आणि ४ नंबरची अ‍ॅलन की टायरच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून फिरवून बघा. ती कुठेही न अडकता गेली पाहिजे.

आता माप. फ्रेमवरच्या ५४, ५६ ह्या आकड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनी ते वेगळ्या ठिकाणाहून मोजते. बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचा दांडा जिथे फिरतो तो खालचा डबा; आणि हेड ट्यूब म्हणजे हँडलखालची पुढची आखूड नळी. बी.बी.पासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि पुढची लांबी, म्हणजे स्टॅक आणि रीच, हीच खरी मापं. फ्रेम लांब पडली की हात ताणले जातात, भार तळहातांवर येतो आणि तासाभरात मान आखडते. लोक ह्याचा दोष फ्रेमच्या धातूला देतात, चूक असते मापाची. सीट पुढे-मागे करून रीच सुधारायला जाऊ नका, त्याने गुडघे दुखतात.

इथे एक फसगत फार होते. पहिल्या मालकाने हँडल खाली हवं म्हणून फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वरची नळी कापलेली असते. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) खाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, किती आहेत ते मोजा. एकही नसेल आणि तुम्हाला हँडल उंच हवं असेल, तर फ्रेम कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. वर वळवलेला स्टेम लावून थोडं भागतं, पण थोडंच.

फ्रेम शाबूत आहे का हे बघायला ऊन चांगलं असताना या. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावर बोट सावकाश फिरवा. तिथे सुरकुती किंवा उंचवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला कळतं. स्टीलमध्ये सीट पोस्ट काढून आत टॉर्च मारा आणि बी.बी.च्या डब्यात गंज आहे का बघा. वरचा रंग जरासा उडाला असेल तर काही बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये वेल्डिंगच्या कडेने रंगात केसासारखी रेघ दिसली की ती फ्रेम घ्यायची नाही. हा धातू वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी थकतो, आणि चीर गेलेली फ्रेम डागून चालवणं धोक्याचं आहे. कार्बनवर नाण्याने हलकं टकटक करत चला. एकाच नळीवर टणक आवाज जाऊन मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आतून थर सुटलेले असू शकतात. सीट क्लँप आणि बी.बी.भोवती जास्त बघा. शंका आली तर कार्बन घेऊच नका, तो मोडतो तेव्हा आधी कल्पना देत नाही.

सरळपणा दोऱ्याने कळतो. दोरा मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेला, बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन्हीकडे ते सारखं यायला हवं. एक-दोन मिमीचा फरक चालतो.

सुट्या भागांचा खर्च आधीच धरा. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, जागा जुन्या स्टील फ्रेममध्ये बहुधा १२६ मिमी असते, ८ ते ११ स्पीडच्या रिम ब्रेक फ्रेममध्ये १३०, डिस्कमध्ये १३५ किंवा १४२. स्टीलची फ्रेम १२६ वरून १३० पर्यंत जाणत्या हाताने ताणता येते, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन अजिबात नाही. बी.बी. आट्यांची असेल तर उत्तम, दाबून बसवायची असेल तर पुढे करकर होण्याची शक्यता जास्त. इटालियन आटे असतील तर सुटा भाग इंदुरात मिळेल ह्या भरवशावर राहू नका. डेरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो अडकवायची पट्टी, वाकलेला असेल तर त्या मॉडेलचा नवा मिळतो का ते सौद्याआधी बघा.

बी.बी.च्या खाली कोरलेला नंबर बिलाशी जुळवा. नंबर खरवडलेला असेल तर आम्ही ती फ्रेम दुकानात ठेवत नाही, तुम्हीही घरी नेऊ नका.

ट्रायल देण्याआधी आम्ही तुमच्यासमोर टायरची हवा मोजतो, कारण १२० पीएसआयवर चांगली फ्रेमही बदनाम होते. एक फेरी सिमेंटच्या रस्त्यावर आणि एक डांबरीवर मारा. मोकळ्या रस्त्यावर हँडल हलकं धरून बघा, सायकल एका बाजूला ओढते का. दुसरीकडे पसंत केलेली फ्रेमही तपासायला आणू शकता. फक्त सीट पोस्ट निघते का ते घरीच बघून या. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेली पोस्ट काढायला कधी कधी पूर्ण दिवस जातो, आणि ती निघेलच अशी हमी आम्ही देत नाही.