एक मीटर पाटात, दुसरं बांधावर

"भाऊ, जुनं अँपिअर मीटर काढलं, त्याच दोन वायरींवर व्होल्टमीटर लावलं. आता स्टार्टर फिरते, पण गाडी काही चालू होऊन नाही राह्यली."

हे मी ट्रॅक्टरवाल्यांकडून ऐकलंय, जीपवाल्यांकडून ऐकलंय, आणि या हिवाळ्यात थेट एका एमजी टीडीच्या मालकाकडून ऐकलं. टीडी म्हणजे इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. १९५३ साली तिचं उत्पादन थांबलं. ही गाडी हिंगणघाटकडच्या एका जुन्या मालगुजारी वाड्यात, ढेपेच्या पोत्यांशेजारी उभी होती. मालकाला डॅशबोर्ड आणि वायरिंग सुटसुटीत करायचं होतं, आणि सुरुवात त्यानं या मीटरपासून केली. "त्याच दोन वायरी" हे शब्द कानावर पडले की माझं डोकं सरकतं. एकदाचं लिहूनच टाकतो.

अँपिअर मीटर तुम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही. जुन्या ट्रॅक्टरवर बसलेल्या प्रत्येकानं ते पाहिलंय. मध्ये शून्य, एका बाजूला प्लस, दुसऱ्या बाजूला मायनस. काटा प्लसकडे गेला तर बॅटरीत करंट जातोय, मायनसकडे गेला तर बॅटरीतून निघतोय. झालं.

व्होल्टमीटरही दिसायला तसंच. तेवढंच भोक, तसाच काटा, मागे तसेच दोन स्क्रू. आकडे ८ ते १६ असतील, नाहीतर १० ते १६, त्यानं काही बिघडत नाही.

खरा घोळ मागच्या दोन स्क्रूंचा आहे, आणि त्या घोळाचं मूळ आपल्या विहिरीवरच्या पेटीत आहे असं माझं मत. आपल्याकडे मोटरच्या स्टार्टर पॅनेलवर दोन्ही मीटर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. रात्रीची लाइन आली की माणूस आधी व्होल्टेज बघतो. ते पडलेलं असेल तर मोटर उचलत नाही, बळंच लावली तर वाइंडिंग जळतं. मोटर चालू झाली की मग नजर अँपिअरवर. पाच एचपीची मोटर सात-साडेसात अँपिअर घेते. विहीर उपसत आली की काटा खाली येतो, मोटर जाम व्हायला लागली की वर चढतो. वाचता सगळ्यांना येतं. पण पेटीच्या आत वायरी कशा गेल्यात ते कोणी उघडून बघत नाही, म्हणून दोघं जुळे भाऊ वाटतात.

पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. पाटातून किती पाणी वाहतंय हे मोजायचं तर मोजणारं यंत्र पाटातच बसवावं लागेल, आणि सगळं पाणी त्याच्यातूनच जाईल. ते अँपिअर मीटर. पाणी किती उंचीवर आहे, त्याला किती जोर आहे, एवढंच बघायचं असेल तर बांधावर उभं राहून बघता येतं, पाणी अडवावं लागत नाही. ते व्होल्टमीटर. पहिलं वायर तोडून मधोमध लावतात, म्हणजे सिरीजमध्ये. दुसरं एक टोक लाइनला आणि एक टोक अर्थला, गाडीत म्हणजे बॉडीला, देऊन लावतात, म्हणजे पॅरललमध्ये.

आणि हे नुसतं लावायच्या पद्धतीपुरतं नाही, दोघांचं पोटच वेगळं आहे. अँपिअर मीटरच्या आत जाड पट्टी असते, तिचा रोध जवळपास नाहीच, कारण सगळा करंट तिच्यातून जाऊ द्यायचा असतो. व्होल्टमीटरच्या आत मुद्दाम मोठा रोध ठेवलेला असतो, त्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर जातात.

आता टीडीच्या मालकानं काय केलं ते बघा. पाटाच्या मधोमध त्यानं बांधावरचा माणूस आडवा उभा केला. टीडीचा स्टार्टर डॅशबोर्डवरच्या ओढायच्या गुंडीनं चालतो आणि त्याचा करंट बॅटरीतून सरळ जातो, अँपिअर मीटरच्या वाटेला जात नाही. म्हणून इंजिन जोमात फिरायचं. प्लगला स्पार्क देणाऱ्या कॉइलची आणि लाइटची लाइन मात्र मीटरमधून येते, म्हणून प्लगला स्पार्क नाही. आणि गंमत पुढेच आहे. किल्ली फिरवली की मीटर छान बारा व्होल्ट दाखवायचं, कारण कॉइलच्या वाट्याचं सगळं व्होल्टेज ते एकटंच खाऊन बसलं होतं. मालक मला विचारतो, "मीटर तं बारा दाखवते बाप्पा, मंग लाइट काऊन लागत नाही?" त्याची चूक म्हणावी तर मीटरनं त्याला खरोखर फसवलं होतं.

ही चूक तरी स्वस्तात सुटते. उलटी चूक महागात जाते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. काम शिकत होतो तेव्हा एका ट्रॅक्टरला सापडेल ते मीटर लावून द्यायचं होतं. मागे दोन स्क्रू दिसले. एक वायर बॅटरीच्या लाइनला दिली, दुसरी बॉडीला. मीटर अँपिअरचं होतं. म्हणजे बॅटरीचे दोन्ही टोक मी एका जाड पट्टीनं जोडून दिले. वायर आधी पिवळट झाली, मग प्लास्टिकचा वास आला आणि हातातला पाना टाकेपर्यंत अर्धा हात वायर उघडी पडून लाल झाली होती. वाटेत फ्यूज नव्हताच. त्या मार्गावर जुन्या गाड्यांत तो बहुतेक नसतोच.

याच कारणासाठी मी जुन्या गाडीतलं अँपिअर मीटर काढायच्या बाजूचा आहे. बॅटरी चार्ज करणारा करंट आणि लाइट-कॉइलचा करंट, सगळा डॅशबोर्डमागून तुमच्या गुडघ्याजवळून फिरून जातो, तोही बिनफ्यूजचा. टीडीत अख्ख्या गाडीला फ्यूज दोन. वायरींवर कापडी विणीचं आवरण, सत्तर वर्षांचं, आणि आपला मे महिना पंचेचाळीस डिग्रीचा. एखादा सैल स्क्रू गरम व्हायला आणखी काय पाहिजे? क्रायसलरच्या साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत हाच करंट इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या कनेक्टरमधून जायचा, आणि तिथं तो कनेक्टर वितळायचा. त्यात कोणी हौसेनं डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र, काढून त्याच्या जागी साठ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला आणि मीटर तीस-शून्य-तीसचंच ठेवलं, तर मग हात जोडले.

म्हणून काम असं. अँपिअर मीटरकडे जाणाऱ्या दोन जाड तपकिरी वायरी एकमेकींना जोडायच्या. पीळ मारून काळी टेप गुंडाळणाऱ्यांना मी दुकानात उभं करत नाही. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण, दाबा, सोल्डर करा, वरून स्लीव्ह घाला. त्याहून चांगलं म्हणजे हा फेराच काढून टाका. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरची जाड वायर इंजिनकडच्या बाजूनंच बॅटरीच्या लाइनला जोडा आणि डॅशबोर्डकडे फक्त गरजेपुरती एक वायर फ्यूज घालून आणा. सुटसुटीत म्हणतात ते हे. टीडीच्या डॅशबोर्डमागून मी दोन हात लांब जाड वायर बाहेर काढली, तेव्हा मालकाला पहिल्यांदा पटलं की मीटर बदलणं आणि वायरिंग बदलणं ही दोन कामं आहेत. व्होल्टमीटरला मग बारीक वायर पुरते: एक टोक किल्लीनंतरच्या फ्यूजवरून, लुकास या इंग्रज वायरिंग कंपनीच्या रंगांत ती हिरवी, आणि दुसरं काळी, अर्थची. किल्ली बंद की मीटर बंद.

लुकासचं वायरिंग दगा देतं म्हणून तिला अंधाराचा राजा म्हणायची फॅशन आहे. मला पटत नाही. मी उघडलेल्या बहुतेक जुन्या वायरिंगमध्ये मूळचं काम शिस्तीचं होतं, अंधार नंतरच्या हातांनी केला होता.

आता वाचायचं कसं. अँपिअरचा काटा शून्यावर बघून लोक घाबरतात, कारण विहिरीच्या पेटीवर शून्य म्हणजे मोटर बंद. गाडीत चालत्या इंजिनवर शून्याच्या आसपास थांबलेला काटा म्हणजे बॅटरी भरली, देणं-घेणं बरोबरीत. व्होल्टमीटरला शून्य चांगलं नाही. इंजिन बंद करून गाडी काही तास उभी असताना साडेबाराच्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, बाराच्या खाली म्हणजे चार्जरला लावा. चालत्या गाडीत पावणेचौदा ते साडेचौदा हवं. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, बॅटरीचं पाणी उकळून उडेल. डायनामोच्या गाडीत मंद इंजिनवर लाइट लावले की आकडा बाराकडे येतो, त्यावर मेकॅनिकला फोन करू नका. डायनामो तेवढ्या फेऱ्यांवर चार्ज करतच नाही. एवढं मात्र कबूल करतो की काही न लावता बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर चोरी अँपिअरच पकडून देतं. पण त्यासाठी वायरीला बाहेरून चिमट्यासारखं धरायचं डीसी क्लॅम्प मीटर दुकानात आहे, डॅशबोर्डवर आग घेऊन फिरायची गरज नाही.

निळ्या आकड्यांचं डिजिटल मीटर लावू नका. दुपारच्या उन्हात ते वाचता येत नाही, संध्याकाळी डोळ्यात घुसतं, आणि टीडीच्या डॅशबोर्डवर मोबाइलचा चार्जर चिकटवल्यासारखं दिसतं. मालकाच्या काकूंना जुना डायल हलवायचाच नव्हता, तर आम्ही तो तिथंच ठेवला, वायरींशिवाय. काट्याचं छोटं व्होल्टमीटर डॅशबोर्डखाली, पट्टीवर.

आणि शेवटचा खोडा. टीडी पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. व्होल्टमीटरचा प्लस स्क्रू इथं काळ्या अर्थच्या वायरला जाणार आणि मायनस स्क्रू हिरवीला. सवयीनं उलटं लावलं की काटा डावीकडच्या खुंटीला जाऊन चिकटतो, एवढंच. पण बॅटरी सोडवताना सवय घात करते. अर्थची वायर आधी काढायची हा नियम सगळ्यांना पाठ आहे, आणि हात आपोआप मायनसकडे जातो. या गाडीत आधी प्लस काढा. मायनस सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की माझ्या त्या ट्रॅक्टरच्या वायरीचं झालं तेच पान्याचं होईल.