टूल परत आणण्याआधी एकदा डायल लावा

"कारबाइडची नवी एंडमिल, दोन जॉबांत गेली. बदलून द्या." असं म्हणत आमच्या टूलच्या काउंटरवर नेहमी कोणीतरी येतं. एंडमिल म्हणजे मिलिंगचं, धारा असलेलं कापायचं टूल. आम्ही आधी ती भिंगाखाली धरतो. सगळ्या धारा सारख्याच झिजल्या असतील तर ग्रेड, स्पीड, फीड यांवर बोलू. पण एकाच धारेचा कोपरा उडालेला आणि समोरची धार जवळजवळ कोरी दिसली, की आम्ही विचारतो: होल्डर कुठाय? (होल्डर म्हणजे टूल धरून मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये बसतो तो भाग.)

दोन धारांची एंडमिल घ्या. फीड दर दाताला ०.०३ मि.मी. आणि रनआउट, म्हणजे फिरताना टूल जेवढं अक्षाबाहेर फेकलं जातं आणि डायलच्या काट्यावर दिसतं ते, तेही ०.०३. हा रनआउट नेमका दातांच्या रेषेत आला, तर एक दात ०.०६ कापतो आणि दुसरा नुसता फिरतो. पैसे दोन धारांचे दिलेत, काम एकच करतेय, तेही दुप्पट ओझ्यानं. भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या रीमरचंही तसंच. १० मि.मी. एच७ (अचूक मापाच्या एका श्रेणीच्या) भोकाला सगळी मिळून १५ मायक्रॉनची सूट असते; होल्डरच तेवढा फेकत असेल तर भोक मोठं झाल्याचा दोष रीमरला कशाला?

रनआउट मोजायला पंधरा मिनिटं पुरतात. कॉलेटमध्ये (होल्डरमधली टूल पकडणारी चिरा असलेली बाही, जी नटानं आवळतात) ग्राइंड केलेली सरळ पिन धरा. लिव्हर डायल आधी नटाजवळ लावा, मग ४० मि.मी. खाली, आणि स्पिंडल हातानं फिरवा. वर काटा जेमतेम हलतो पण खाली जास्त फिरतो, म्हणजे पिन तिरपी बसलीय. कॉलेट किंवा नट बघा. दोन्हीकडे सारखाच फिरत असेल तर अक्षच सरकलाय. आता काटा सगळ्यात जास्त चढतो त्या उंच बाजूला होल्डरवर आणि स्पिंडलवर पेननं खूण करा, होल्डर काढून १८० अंश फिरवून बसवा. उंची होल्डरबरोबर फिरली तर दोष होल्डर-कॉलेटचा. स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर स्पिंडलचा, आणि तिथं आमचं टूल बदलून काही होणार नाही.

आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात बिडाचे जॉब जास्त. बिडाची लांब चिप पडत नाही, काळी पूड पडते. कूलंटमध्ये ती कालवली की तिचा लेप होतो आणि टूल बदलताना स्पिंडलच्या टेपरवर, म्हणजे होल्डर बसतो त्या निमुळत्या भागावर, चढतो. बीटी४० या प्रकारच्या होल्डरचा टेपर ७:२४ चा, म्हणजे २४ मि.मी. लांबीत व्यास ७ मि.मी.नं बदलतो; त्यात वरच्या बाजूला कणभर पूड अडकली तरी टूलच्या टोकाशी फरक वाढून दिसतो. टेपर रोज पुसा, पण कॉटन वेस्टनं नको, त्याचे धागे मागे राहतात. धागे न सोडणारं स्वच्छ फडकं घ्या. होल्डरच्या टेपरवर गंजासारखे तांबूस डाग दिसले तर तो नीट टेकत नाही, आतल्या आत घासतोय. ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून संपर्क तपासून घ्या.

ईआर या प्रकारच्या कॉलेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक ऐका. कॉलेट होल्डरमध्ये टाकायची आणि वरून नट फिरवायचा. असं करू नका! कॉलेट तिरपी धरून आधी नटात 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, मग टूल घाला, मग नट होल्डरवर चढवा. नाहीतर नट कॉलेटला वाकडं दाबतो, आणि सोडवताना ती आतच अडकून बसते. दुसरी सवय म्हणजे १० मि.मी.ची कॉलेट सापडत नाही म्हणून १० ते ११ मि.मी. धरणारी, १०-११ वाली वापरणं. टूल धरलं जातं, पण कॉलेट पूर्ण आवळून जेमतेम धरते. पान्याला पाइप लावूनही तो फरक भरून निघत नाही, उलट कॉलेट पिळवटते.

टूल गरजेपेक्षा बाहेर काढू नका. बाहेरची लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट होतं. पुल स्टड (होल्डरच्या वरच्या टोकाचा, मशीन पकडून ओढतं तो खिळा) बदलताना कोन बघून घ्या. ४५ आणि ६० अंशांचे दोन्ही मिळतात, आणि मशीनला जुळत नसलेला घातला तर ड्रॉबार (स्पिंडलमधली ओढणारी दांडी) होल्डर नीट ओढून धरत नाही.

तरीही टूल जात असेल तर जरूर आणा. चूक टूलची निघाली तर बदलून देऊ. सोबत होल्डर, कॉलेट, नट आणि चालवलेला स्पीड-फीड कागदावर लिहून आणा. होल्डर पुसून आणू नका. पूड कुठे बसलीय, हेच आम्हाला बघायचं असतं.