थरथरणारी कुपी आणि मंगळाची भुकटी

लोकलच्या रुळांखाली पसरलेली काळी खडी म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला दगड. २०१२ च्या ऑक्टोबरात मंगळावरच्या रॉकनेस्ट इथल्या मातीचा अहवाल आला, तेव्हा त्यातली मुख्य खनिजं याच घराण्यातली निघाली: फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन. नासाने तुलना हवाई बेटांवरच्या मातीशी केली. कुर्ल्याच्या खडीशी केली असती तरी फारसं बिघडलं नसतं!

हे सांगणारं यंत्र मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या (चाकांच्या यंत्रगाडीच्या) पोटात आहे, नाव ‘केमिन’. आधीच्या मोहिमांतली बरीच उपकरणं मूलद्रव्यं मोजत. लोह इतकं, सिलिकॉन तितकं. पण खनिज ओळखायचं तर अणू कसे रचलेत तेही कळायला हवं. क्ष-किरण स्फटिकांतून जाताना ठरावीक कोनांत विखुरतात आणि पलीकडच्या कॅमेऱ्यावर कड्यांची नक्षी उमटते. दर खनिजाची नक्षी निराळी.

प्रयोगशाळेत हे काम कपाटाएवढं यंत्र करतं आणि त्याला नमुना अगदी बारीक दळून लागतो. मंगळावर दळणार कोण? तिथे ड्रिल खडकाला भोक पाडतं, भुकटी १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटर) चाळणीतून गाळली जाते आणि त्यातली चिमूटभर, पातळ प्लास्टिकच्या दोन खिडक्या असलेल्या चपट्या कुपीत पडते. मग ती कुपी थरथरवतात. कण सतत उलटेपालटे होत राहतात आणि केसाएवढ्या किरणझोतासमोर हर तऱ्हेने वळून येतात. जे दळून साधायचं, ते हलवून साधलं. याच रोव्हरवरच्या, दगडावर लेझर मारणाऱ्या उपकरणाचं कौतुक जास्त होतं, पण माझं मत या कुपीला.

२०१५ मध्ये बकस्किन नावाच्या खडकाने मात्र सगळ्यांना कोड्यात टाकलं. त्यात ट्रिडिमाइट सापडलं. रासायनिक सूत्र वाळूतल्या क्वार्ट्झचंच, म्हणजे सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन), पण रचना वेगळी. नुसत्या मूलद्रव्यांच्या मोजणीत दोन्ही सारखीच दिसली असती. ते बनायला साधारण ८७० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, आणि पृथ्वीवर ते सिलिका भरपूर असलेल्या ज्वालामुखीय खडकांत आढळतं. मंगळ तर बहुतांशी बेसाल्टचा. मुंबईत काळ्या बेसाल्टशेजारी जास्त सिलिकाचा पिवळसर मालाड दगड आहे, तसा प्रकार तिथे फारसा कुणी धरला नव्हता. शिवाय बकस्किन हा जुन्या तळ्याच्या गाळाचा खडक. २०२२ मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार शिलारस जमिनीखाली बराच काळ मुरला, त्यातली सिलिका वाढत गेली, मग स्फोट झाला आणि राख तळ्यात जाऊन बसली.