फुटबॉल कार्डांची संग्राह्यता

फुटबॉलपटूचे छायाचित्र, त्याचा संघ, हंगाम आणि थोडी माहिती छापलेले, बंद पाकिटातून विकले जाणारे जाड कागदाचे पत्ते म्हणजे फुटबॉल कार्डे. त्यांचे आजचे प्रचलित माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. एकाच पाकिटातून निघालेल्या दोन कार्डांपैकी एक कोणी फुकटही घेत नाही आणि दुसऱ्यासाठी संग्राहक महिन्याचा पगार मोजायला तयार होतो. हा फरक कशाने पडतो, याचा विचार या नोंदीत केला आहे. खेळाडूच्या नावाने मागणी तयार होते हे खरेच, पण किंमत ठरते ती त्या कार्डाच्या चांगल्या स्थितीतल्या किती प्रती उरल्या यावर. ज्या गावात पावसाळ्यात कपाटातली वहीसुद्धा ओलसर लागते, त्या सांगलीत तर ही दुसरी बाब आधी लक्षात ठेवायला हवी.

सांगली तशी क्रिकेटची. विजय हजारे इथलेच, स्मृती मानधना इथेच वाढली. फुटबॉलचे वेड आले ते शेजारच्या कोल्हापुरातून. तिथे पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि विश्वचषकाच्या महिन्यात गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागल्या जातात. चित्रे जमवायची सवय मात्र इथल्या मुलांना जुनीच आहे. काडेपेटीचे छाप, बिग फन बबलगमच्या वेष्टनात मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे, मग कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डे अशा पायऱ्या चढत एक पिढी मॅच अटॅक्स आणि ॲड्रेनलिन एक्सएल या फुटबॉल कार्डांच्या पाकिटांपर्यंत पोचली. एकाच खेळाडूचे दुसरे कार्ड निघाले की ते ‘डबल’, आणि डबल द्यायचे ते नसलेल्या कार्डाच्या बदल्यात. संग्राह्यतेचा पहिला धडा इथेच मिळतो. ज्याचे डबल कोणाकडेच नसते, त्याच्या बदल्यात समोरचा चार-पाच कार्डे काढून देतो.

अशा कार्डांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये झाली. ब्रॅडफर्डच्या जॉन बेन्सने ढालीच्या आकाराची कार्डे काढली. पुढे सिगारेट कंपन्यांनी पाकीट चेपू नये म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्यावर खेळाडू छापले. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि तो प्रकार थांबला. १९६१ मध्ये इटलीतल्या मोदेना शहरात पानिनी कंपनी उभी राहिली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून तिचे स्टिकर अल्बम जगभर गेले. अमेरिकेची टॉप्स ही दुसरी मोठी कंपनी. ती जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने विकत घेतली.

सर्वाधिक मान मिळतो तो ‘रुकी’ कार्डाला, म्हणजे खेळाडू कारकिर्दीच्या उंबरठ्यावर असताना निघालेल्या त्याच्या पहिल्या कार्डाला. यामागचे कारण साधे आहे. त्या क्षणी तो पुढे कोण होणार हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ते कार्ड कोणी जपत नाही. १९५८ च्या विश्वचषकाच्या सुमारास स्वीडनमधल्या आलिफाबोलागेट कंपनीने पेलेचे कार्ड काढले. पेले तेव्हा सतरा वर्षांचा होता. २९ जून १९५८ च्या अंतिम सामन्यात त्याने यजमान स्वीडनविरुद्ध दोन गोल केले आणि ब्राझील ५-२ ने जिंकला. त्या काळी ही कार्डे मुलांच्या हातची होती, खिशात कोंबायची आणि वहीत चिकटवायची. त्यातून सुस्थितीत वाचलेली इतकी थोडी की २०२२ मध्ये एका प्रतीला १३ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. मॅराडोनाचे नाव घेतले की १९७९-८० च्या पानिनी काल्चातोरी अल्बममधला स्टिकर पुढे येतो. इटलीतल्या नापोली क्लबात तो गेला १९८४ मध्ये, म्हणजे इटलीच्या अल्बममध्ये त्याचे चित्र त्याच्या चार-पाच वर्षे आधीच आले होते. स्टिकर हा मुळात सोलून चिकटवण्यासाठीच असतो. म्हणून न सोललेला, मागचा कागद शाबूत असलेला स्टिकर मिळणे ही वेगळी दुर्मीळता ठरते.

मेस्सीचे उदाहरण जास्त बोलके आहे. बार्सिलोनासाठी तो पहिला अधिकृत सामना खेळला १६ ऑक्टोबर २००४ रोजी, एस्पान्योलविरुद्ध. त्याच हंगामात स्पेनमध्ये पानिनीने मेगा क्रॅक्स मालिकेत ७१ क्रमांकाचे त्याचे कार्ड काढले. त्याच हंगामातली त्याची इतर कार्डेही आहेत आणि त्यातले खरे पहिले कोणते, यावर संग्राहक वाद घालतात. तरीही बाजाराने कौल दिला तो मेगा क्रॅक्सला. त्यावर ना सही आहे, ना जर्सीचा तुकडा, ना मर्यादित प्रतींचा क्रमांक. तरीही २०२५ मध्ये निर्दोष दर्जाची एक प्रत १५ लाख डॉलरला गेली. कार्ड साधे होते, मुलांसाठी होते, म्हणूनच त्याची निर्दोष प्रत दुर्मीळ झाली. दुर्मीळता कारखान्यात तयार करता येते हे खरे, पण जपणुकीतून आपोआप तयार झालेल्या दुर्मीळतेची सर तिला येत नाही, असे या विषयाशी जवळीक असलेले बहुतेक लोक मानतात, आणि ते बरोबरही आहे.

कारखान्यात तयार केलेल्या दुर्मीळतेचा प्रकार असा. मूळ कार्डाला ‘बेस’ म्हणतात. तेच चित्र वेगळ्या रंगात, वेगळ्या चकाकीत छापले की त्याला ‘पॅरलल’ म्हणतात. टॉप्सच्या क्रोम या चकचकीत कार्डांच्या मालिकेतले रिफ्रॅक्टर किंवा पानिनीच्या प्रिझम मालिकेतले सिल्व्हर हे असेच पॅरलल. ते ट्यूबलाइटखाली तिरके धरले की पृष्ठभागावर सप्तरंगी झळक सरकते. बेस कार्ड मात्र आरशासारखे सरळ चमकते. पाकीट फोडल्यावर जाणकार चेहऱ्याआधी ही झळक बघतात. त्यापुढच्या पायरीवर कार्डावर क्रमांक छापलेला असतो. ७/९९ याचा अर्थ एकूण ९९ प्रती, त्यातली ही सातवी. एकच प्रत असलेल्या टॉप्स कार्डाला ‘सुपरफ्रॅक्टर’ म्हणतात. प्रतीचा क्रमांक खेळाडूच्या जर्सीशी जुळला, रोनाल्डोला ७ किंवा मेस्सीला १०, तर त्याच मालिकेतल्या इतर प्रतींपेक्षा ती महाग जाते. यात तर्क फारसा नाही, हौस आहे, आणि हौशीलाही बाजारात दर असतो.

शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणाऱ्या खेळाच्या कार्डांवर ‘लिमिटेड एडिशन’ असे ठळक छापलेले असते. ते पाहून मुले आणि पालक दोघेही हुरळतात. पण प्रतींची संख्या छापलेली नसेल तर त्या शब्दांना संग्राहकाच्या लेखी वजन नाही. अशी कार्डे प्रचंड संख्येने छापली जातात. ती जमवण्यात मजा आहे, खेळात त्यांचा उपयोग आहे, पण ती विकून शिक्षणाचा खर्च निघेल असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

सही असलेल्या कार्डांत खेळाडूने थेट कार्डावर केलेली सही वरची, आणि पारदर्शक चिकटपट्टीवर सही घेऊन ती कार्डावर डकवलेली असेल तर खालची. जर्सीचा तुकडा बसवलेल्या कार्डांत तो कपडा प्रत्यक्ष सामन्यात वापरलेला आहे की नुसता छायाचित्रापुरता अंगावर घातलेला आहे, हे मागच्या बाजूच्या बारीक मजकुरात लिहिलेले असते. तो मजकूर न वाचता पैसे देणारे बरेच आहेत.

आता स्थिती. इथेच दोन सारख्या दिसणाऱ्या कार्डांच्या किमती एकमेकींपासून दूर जातात. अमेरिकेतल्या पीएसए (स्थापना १९९१), बेकेट यांसारख्या संस्था कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देतात आणि ते सीलबंद प्लॅस्टिक आवरणात घालून परत पाठवतात. या आवरणाला ‘स्लॅब’ म्हणतात. पाहतात त्या चार गोष्टी : छपाई चौकटीच्या मध्यावर आहे का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा उधळल्या आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा आहे का. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा रंग आणि दाणा बघून जसा दर फुटतो, तसेच हे. माल एकच, पण प्रतवारी बदलली की दर बदलतो. पाकिटातून थेट निघालेले कार्डही दहा गुणांचे असेलच असे नाही. क्रोम कार्डांवर कधी कधी कारखान्यातच एक केसासारखी रेघ उमटलेली असते. समोरून ती दिसत नाही, उजेडात तिरके धरले तरच दिसते. डावीकडची पांढरी चौकट उजवीपेक्षा जाड असेल, तर तो दोष कापतानाच शिरलेला असतो आणि तो पुढे कोणालाच काढता येत नाही.

नऊ आणि दहा यांत एका गुणाचे अंतर असले तरी किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. आजवर कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना कोणता दर्जा दिला, याची मोजदाद पीएसए जाहीर करते आणि जाणते संग्राहक खेळाडूच्या गोलांइतकीच ती नियमाने बघतात. आधुनिक क्रोम कार्डाच्या दहा दर्जाच्या हजारो प्रती असू शकतात. मग खेळाडू कितीही मोठा असो, ते कार्ड दुर्मीळ राहत नाही.

सांगली-मिरजेच्या हवामानाला या सगळ्यात वेगळे महत्त्व आहे. क्रोम कार्डात कागदावर धातूसारखी चकचकीत फिल्म असते. हवेतला ओलावा कागद शोषतो, फिल्म शोषत नाही, त्यामुळे कार्ड बाक घेते. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेले कार्ड ऑक्टोबरात टेबलावर सपाट बसत नाही. पहिला उपाय पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा, म्हणजे ‘स्लीव्ह’चा. तिच्यावर कडक प्लॅस्टिकचे पाकीट, म्हणजे ‘टॉपलोडर’, आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. साध्या पीव्हीसीची पाने असलेली अल्बमे टाळावीत. ती काही वर्षांनी चिकट होतात आणि कार्डाचा पृष्ठभाग धरून ठेवतात. दुसरा धोका कृष्णेचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत सांगलीच्या सखल भागांत घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. जे गाव ‘आयर्विन पुलापाशी किती फूट’ हे विचारत रात्र काढते, तिथे संग्रह माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवणे हे पहिले काम. भिजलेले कार्ड वाळवून परत येत नाही. थर सुटतात आणि दर्जा तळाला जातो. पूर्वेला जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत ओलाव्याचा त्रास कमी, मात्र उन्हात रंग उडतो, विशेषतः निळ्या शाईच्या सह्या फिक्या पडतात.

दुर्मीळता आणि स्थिती यांनंतर खेळाडूची निवड हा तिसरा घटक. आक्रमक खेळाडूंना मागणी जास्त आहे. बचावपटू आणि गोलरक्षक कितीही थोर असले तरी मागे पडतात. हे अन्यायाचे आहे, पण गोल करणाऱ्याकडेच बाजाराचा ओढा आहे. खरेदीदार कुठे राहतात यानेही फरक पडतो. अमेरिकी संग्राहकांच्या संख्येमुळे अमेरिकेच्या क्रिस्तियन पुलिसिकच्या कार्डांना त्याच्या बरोबरीच्या युरोपीय खेळाडूंपेक्षा जास्त भाव मिळाला. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार यांच्यापलीकडे बोलणे फार क्वचित जाते. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला तेव्हा मेस्सीची मागणी जगभर वाढली, आणि पेले व मॅराडोनाच्या निधनानंतर त्यांचीही.

उगवत्या खेळाडूंवर पैसे लावण्यात मोठी जोखीम आहे. बार्सिलोनाच्या आन्सू फातीकडे सोळाव्या वर्षी मेस्सीचा वारस म्हणून पाहिले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये गुडघ्याला दुखापत झाली, पुढे त्याला दहा क्रमांकाची जर्सीही मिळाली, पण पूर्वीचा वेग परतला नाही आणि कार्डांचा भाव बसला. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात तर सगळा बाजारच फुगला होता. पीएसएकडे इतकी कार्डे साचली की मार्च २०२१ च्या अखेरीस तिने बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. त्या उन्हाळ्यात घेतलेली कार्डे पुढे बऱ्याच जणांना तोट्यात विकावी लागली.

परवान्याचाही प्रश्न असतो. क्लबचे बोधचिन्ह आणि स्पर्धेचे नाव वापरायचा हक्क ज्या कंपनीकडे असतो, तिच्याच कार्डाला अधिकृत मान मिळतो. चिन्ह पुसलेली, कोऱ्या जर्सीतली कार्डे स्वस्त राहतात. हे हक्क फिरत असतात. युरो २०२४ टॉप्सकडे गेला, प्रीमियर लीग २०२५-२६ च्या हंगामापासून पानिनीकडून टॉप्सकडे आली. विश्वचषकाची कार्डे दीर्घकाळ पानिनीची, म्हणून २०१४ ची पहिली प्रिझम विश्वचषक मालिका आणि २०१८ मधले त्याच मालिकेतले एमबापेचे कार्ड आजही शोधले जाते.

सांगलीतून मोठे कार्ड घ्यायचे तर बहुधा परदेशातूनच मागवावे लागते. त्यावर सीमाशुल्क आणि कर लागतात, म्हणून परदेशी संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे अंतिम किंमत नव्हे. दर्जासाठी कार्ड पाठवायचे तर टपाल, विमा आणि शुल्क मिळून खर्च होतो, त्यामुळे काही जण एकत्र पार्सल करतात. साधे कार्ड पाठवण्यात अर्थ नसतो. नकली कार्डांचा सुळसुळाट मेस्सी आणि रोनाल्डोच्या रुकी कार्डांत जास्त. सराफाकडे असते त्या दहापट भिंगातून पाहिले की खऱ्या कार्डावर छपाईचे ठिपके एका ठरावीक नक्षीत दिसतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत ते पसरट आणि अक्षरांच्या कडा धूसर. कडा कापून नवी केलेली कार्डेही फिरतात. ती मापाला किंचित कमी भरतात. म्हणून मूळ मालिकेतले एखादे साधे कार्ड शेजारी ठेवून रुंदी आणि जाडी जुळवून पाहावी. स्लॅबमधले कार्ड असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक दर्जा देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथे छायाचित्र असेल तर ते हातातल्या कार्डाशी पडताळावे. नकली स्लॅबमध्ये खरा क्रमांक छापलेला असू शकतो, पण छायाचित्रातली चौकट आणि कोपरे हातातल्या कार्डाशी जुळत नाहीत.