लष्करचा ४७४००१

पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडून ग्वाल्हेरला येणाऱ्या पाकिटावर, तिथल्या लष्कर भागाचा पत्ता असेल तर, बहुधा शेवटी ४७४००१ लिहिलेलं असतं. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या मराठी माणसानं, आणि तेही संस्कृतचे पंडित. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा, म्हणून माहेर-सासर दोन राज्यांत असलं तरी सुरुवात एकच. पहिले तीन अंक पत्र ग्वाल्हेरपर्यंत आणतात, उरलेले तीन नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत.

एवढ्यावर टपाल खात्याचं काम भागतं. मला मात्र ही संख्या उघडून बघायची होती.

एकाआड एक अंकांची बेरीज करा: ४+४+० म्हणजे ८, आणि ७+०+१ म्हणजेही ८. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे ११ ने निःशेष भाग जाणार. भागाकार ४३,०९१. आता ४१ घेऊ. एक लाखाला ४१ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणून लाखाच्या जागचा ४ उचलून उरलेल्या ७४,००१ मध्ये मिळवला तरी चालतं. ७४,००५ म्हणजे ४१ × १,८०५. भाग गेला! शेवटी हाती येतं:

४७४००१ = ११ × ४१ × १०५१

तिन्ही मूळ संख्या, तिन्ही वेगळ्या. त्यामुळे विभाजक बरोबर आठ. स्वतःला वगळून बाकी सातांची बेरीज ५६,२०७ होते. परिपूर्ण संख्येत ही बेरीज त्या संख्येइतकी भरते. इथे ती आठव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर असते तर त्यांनी आधी अंकांची बेरीज केली असती: १६. तिनं भाग जात नाही, म्हणून ही त्यांची ‘हर्षद’ संख्या नव्हे. मग त्यांनी तिचा जनक शोधला असता. ४७३९६६ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज, ३५, मिळवा; ४७४००१ येते. असा जनक एकही नसला, तर त्या संख्येला कापरेकर स्वयंभू म्हणत. ही स्वयंभू नाही. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण तो पोस्टाच्या रांगेत उभ्यानंही करता येतो.

लष्करमधून किल्ला दिसतो. त्याच्या चढावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी त्यात २७० हात कोरली आहे, आणि त्यातलं शून्य आपल्या शून्यासारखंच गोल. आपल्या पिनकोडातही दोन शून्यं आहेत. ती पुसली तर उरतात ४७४१, म्हणजे ११ × ४३१. ४१ आणि १०५१ निघून गेले, ११ तेवढा राहिला, कारण दोन घरं सरकल्यानं एकाआड एक अंकांच्या जोड्या मोडत नाहीत. एकच शून्य पुसलं असतं, तर तोही गेला असता.