उथळ नदीतील मासेमारीसाठी आउटबोर्ड मोटर

उथळ नदीतील मासेमारीसाठी आउटबोर्ड मोटर : होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे, हवे तेव्हा उचलता येणारे आणि वळवले की होडीही वळवणारे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. ओली एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे बाजारात आणलेल्या मोटरीपासून हा प्रकार सर्वदूर पसरला. इंजिन वर, पंखा खाली आणि दोघांना जोडणारा उभा दांडा ही तिची ठेवण आजही तीच आहे. खोल पाण्यात ती सोयीची पडते. गुडघाभर पाण्याच्या नदीत मात्र होडीच्या तळाखाली लोंबणारा तो पंखाच सगळ्यात आधी कातळाला भिडतो. म्हणून अशा नदीसाठी मोटर निवडताना अश्वशक्तीचा प्रश्न मागाहून येतो. तळाखाली किती सेंटीमीटर लोखंड लोंबणार आहे, हे आधी पाहावे लागते.

तळाखालची खोली : नेहमीच्या मोटरीत पंख्याच्या जरा वर एक आडवी पाती असते. तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. ही पाती होडीच्या तळाच्या पातळीत आली की मोटर बरोबर बसली असे धरतात. तिच्याखाली पंखा आणि पंख्याखाली दगडाचा पहिला मार खाणारे पाते, ज्याला स्केग म्हणतात. १० ते २५ अश्वशक्तीच्या मोटरींच्या पंख्यांचा व्यास २३ ते २६ सेंमी. च्या आसपास असतो. स्केग धरून तळाखाली सुमारे ३० सेंमी. ऐवज उतरतो. होडी स्वतः १५ सेंमी. बुडत असेल, तर ४५ सेंमी. पाण्यातही मोटर नदीच्या तळाला घासणार.

दांड्याची लांबी येथेच महत्त्वाची ठरते. ३८, ५१ आणि ६४ सेंमी. या तीन नेहमीच्या लांब्या असून त्या होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळाव्या लागतात. ही उंची फळीच्या माथ्यापासून तळापर्यंत सरळ मोजायची. ३८ सेंमी.च्या फळीवर ५१ची मोटर बसवली, तर पंखा नाहक १३ सेंमी. खाली जातो. उथळ नदीत तेवढ्या फरकाने उतार, म्हणजे नदीचा उथळ खडकाळ टप्पा, पार होतो किंवा होत नाही. स्वस्तात मिळालेली जुनी मोटर घेताना ही चूक फार होते.

वजनाचा हिशेब : ४.५ मी. लांब आणि १.२ मी. रुंद सपाट तळाच्या होडीचे पाण्याला टेकलेले क्षेत्र, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, निमुळता भाग वजा केला तर, ४ चौ. मी. धरता येते. एवढी होडी १ सेंमी. बुडवायला सुमारे ४० किग्रॅ. लागतात. दहा अश्वशक्तीच्या आतल्या फोर-स्ट्रोक मोटरीचे वजन ४० किग्रॅ. च्या आसपास भरते, तर चाळीस अश्वशक्तीची मोटर ९० ते १०० किग्रॅ. पर्यंत जाते. म्हणजे मोठ्या मोटरीपायी होडी दीड सेंटीमीटरच जास्त बुडावी. पण हे वजन सारखे पसरत नाही. ते अगदी मागच्या टोकाला टांगलेले असते, शेजारी पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि चालवणारा माणूस. त्यामुळे मागची बाजू त्या हिशेबाहून बरीच जास्त खचते आणि नाळ वर उठते. टाकी व बॅटरी पुढे सरकवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज होय.

टू-स्ट्रोक मोटरी वजनाला हलक्या आणि उघडून दुरुस्त करायला सोप्या, म्हणून नदीवरच्या लोकांचा त्यांच्यावर जीव. पण त्या तेल जाळतात, धूर करतात आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरींची विक्री प्रदूषणाच्या नियमांमुळे अनेक देशांत थांबली आहे.

वेग आणि खोली : मोटरीची शक्ती होडीची खोलीही बदलते. हळू चालणारी होडी पाणी बाजूला सारत जाते. उथळ पाण्यात तिच्या तळाखालून निसटणाऱ्या पाण्याचा वेग वाढून दाब घटतो आणि होडी आणखी खाली ओढली जाते. पुरेशी शक्ती मिळाली की होडी पाण्यावर चढून घसरू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. तेव्हा तिला फार थोडे पाणी पुरते. म्हणूनच अनुभवी नावाडी उतारावरून जाताना वेग कमी करत नाहीत. नवख्याला हे उलटे वाटते. तो घाबरून वेग सोडतो, होडी खाली बसते आणि नेमकी दगडावर टेकते. अर्थात पुढचे पाणी माहीत नसताना भरधाव जाणे हे धाडस नव्हे, मूर्खपणाच.

४.५ मी. ची होडी पाण्यावर न चढता साधारण ताशी ९–१० किमी. च्या पुढे फारशी जात नाही. त्यापुढे जादा अश्वशक्ती नुसती लाटा उठवते. म्हणून एकतर होडीला भारासकट प्लेनिंगवर चढवील एवढी मोटर घ्यावी, नाहीतर सरळ लहान, हलकी घ्यावी. मधली मोटर दोन्हीकडून पडते. होडीवर नोंदवलेली कमाल अश्वशक्ती मात्र कधीच ओलांडू नये. दहा अश्वशक्तीपर्यंतच परवानगी असलेले जलाशय अनेक ठिकाणी आहेत. मोटरींवर दिसणारा ९.९ अश्वशक्ती हा चमत्कारिक आकडा त्यातूनच आला.

पंखा की जेट : उथळ नदीवरचा हा खरा पेच. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात आपल्याकडील वेगवान, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी पाण्याच्या झोतावर, म्हणजे जेटवर, चालणारी होडी घडवली. १९६० मध्ये तशाच होड्या कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. तेच तत्त्व आउटबोर्ड मोटरीलाही लावतात. खालचा गिअर आणि पंखा काढून तेथे पंप बसवतात. तो जाळीतून पाणी ओढतो आणि मागे झोत फेकतो. पाणी ओढणारे तोंड जवळजवळ होडीच्या तळाच्या पातळीत असल्याने प्लेनिंगवर असलेली जेट होडी ८–१० सेंमी. पाण्यावरूनही निघून जाते.

याची किंमत शक्तीत मोजावी लागते. जेटमुळे सुमारे तीस टक्के जोर जातो. ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर जेट बसवले की तयार झालेली मोटर ४०ची म्हणून विकली जाते, ९०ची ६५ आणि ११५ची ८०. तेवढाच वेग गाठायला पेट्रोल जास्त जळते आणि इंजिनही जड लागते. शिवाय जेट मोटर फळीवर बरीच वर चढवावी लागते. तोंड थोडे जरी उंच राहिले तर पंप हवा गिळतो, इंजिन नुसते ओरडते आणि होडी जागची हलत नाही. जाळीत पाने, शेवाळ, गोटे अडकतात. बारीक खडी पंपाच्या पात्यांच्या कडा झिजवते. मागे जाण्याचा जोर नावापुरता असतो. सर्वांत धोक्याची बाब म्हणजे होडीचे वळणे झोतावरच अवलंबून असल्याने वेग सोडला की सुकाणूही सुटते. दगड समोर दिसताच वेग सोडण्याची सवय येथे मोडावी लागते. डोहांमधले अंतर थोडे आणि खडकाळ उतार खूप, तर जेट घ्यावी. उतार दोन-चारच असतील, तर पंखाच बरा. तेथे होडी उतरून ओढता येते. पाणवनस्पतींनी भरलेल्या संथ पाण्यात जेट घेणे म्हणजे दर शंभर पावलांवर जाळी साफ करणे.

पंखाच ठेवायचा असेल तर तो वर घेण्याचे उपाय आहेत. मोटर वरखाली सरकवणारी पट्टी, म्हणजे जॅक प्लेट, आणि तळात मागे पन्हळ असलेली होडी, अशी जोडी चांगली जमते. पन्हळीतून पाणी पंख्यापर्यंत वर चढते, म्हणून तो उंच असूनही पकड सोडत नाही. खडकाळ नदीत ॲल्युमिनियमचा पंखा वापरावा. तो वाकतो, तुटतो, पण मार पोटात घेतो. स्टीलचा पंखा शाबूत राहतो आणि धक्का गिअरपर्यंत पोचवतो, जो दुरुस्त करणे पंखा बदलण्याच्या कित्येक पट महाग पडते.

लांब शेपटीची मोटर : थायलंड, व्हिएतनाम आणि आग्नेय आशियातील इतर नद्यांवर लहान, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला लांबलचक दांडा जोडून त्याच्या टोकाला पंखा लावतात. दांडा जवळजवळ आडवा असल्याने पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतो आणि ओंडका आडवा आला तर वर उडून पलीकडे पडतो. गाळ, भाताची खाचरे, पाणवनस्पती यांत याला तोड नाही. थंड करायला नदीचे पाणी लागत नसल्याने गाळाने पंप बुजण्याची भीतीही नाही. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. पुष्कळ मोटरींना मागे जाण्याची सोय नसते आणि लांब शेपूट अरुंद जागी वळवायला हात दुखतात.

विजेची मोटर : गळाने मासे धरणाऱ्यांची ही आवडती, कारण ती जवळजवळ निःशब्द असते. पण तिची ताकद नदीच्या प्रवाहासमोर तोकडी पडते. १२ व्होल्टची, सुमारे २५ किग्रॅ. रेटा देणारी मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास वीज ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, म्हणजे प्रत्यक्षात तासभर. स्थिर पाण्यात अशी होडी ताशी ५–७ किमी. जाते. प्रवाहच ताशी ४ किमी. असेल तर वर जाण्यासाठी उरतात एक ते तीन. म्हणून ती मुख्य मोटर म्हणून न घेता जागेवर होडी धरून ठेवायला घ्यावी.

वापरातील खबरदारी : बहुतेक मोटरींना उथळ पाण्यासाठी अर्धवट उचललेली जागा असते. ती फक्त संथ चालीसाठी असून पूर्ण जोर लावला तर पंखा हवा पकडतो. पुढे जाताना मोटर उचलण्याची कळ मोकळी ठेवावी, म्हणजे दगड लागताच मोटर आपोआप वर उसळते. मागे जाताना ती अडकवावी लागते, नाहीतर पंख्याच्याच जोराने मोटर पाण्याबाहेर येते. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी, कारण दगडाच्या धक्क्याने माणूस आधी बाहेर फेकला जातो. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीत मागच्या बाजूने बारीक धार सतत पडताना दिसली पाहिजे. वाळू उडणाऱ्या उतारावरून गेल्यावर ती धार बारीक झाली किंवा तुटली, तर लगेच इंजिन बंद करून होडी वल्ह्यांनी काठाला घ्यावी.