बार्टन रोड स्विंग ब्रिज

बार्टन रोड स्विंग ब्रिज म्हणजे इंग्लंडमधे मँचेस्टरच्या पश्चिमेला, मँचेस्टर शिप कॅनॉलवर असलेला रस्त्याचा फिरता पूल. एका बाजूला ट्रॅफर्ड पार्क, दुसऱ्या बाजूला एक्लेस. आपल्याकडे फिरता म्हटलं की लोकांना पांबन आठवतो, पण तो जुना पूल वर उचलायचा, हा आडवाच फिरतो, दार उघडल्यासारखा.

आता एवढी उठाठेव कशाला? तर लिव्हरपूलची गोदी आणि रेल्वेवाले माल चढवण्या-उतरवण्याचे नि वाहून नेण्याचे अव्वाच्या सव्वा पैसे लावायचे, त्याला कंटाळून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी (ज्या गावाच्या नावावरून आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो तेच हे) समुद्रातली जहाजं थेट गावात आणायला ५८ किमीचा कालवा खणला. १८८७ ला काम सुरू, १८९४ ला कालवा चालू, मुख्य इंजिनिअर एडवर्ड लीडर विल्यम्स. जमीन सपाट, जहाजं उंच. रस्ता वरून न्यायचा तर दोन्हीकडे लांबच्या लांब चढ करावे लागले असते, मग पूलच फिरवा ना!

कालव्याच्या मधोमध एक बेट बांधून काढलंय, त्यावर विटांचा कंट्रोल टॉवर आहे आणि पूल त्याच बेटावरच्या खुंटावर फिरतो, खाली रोलरचं गोल कडं, ताकद पाण्याच्या दाबाची. जहाज आलं की रस्त्यावरची गेटं बंद होतात, गाड्या थांबतात आणि अख्खा पूल हळूहळू ९० अंशात वळून कालव्याच्या लांबीत, बेटाच्या रेषेत येऊन उभा राहतो, जहाज बाजूने निघून जातं.

पण खरं सांगायचं तर या पुलाचं कौतुक शेजाऱ्यामुळे मागे पडतं. त्याच बेटावर, त्याच टॉवरवरून चालणारा बार्टन स्विंग अॅक्वेडक्ट आहे, तो चक्क दुसरा कालवा, ब्रिजवॉटर कॅनॉल, अंगावर घेऊन फिरतो. दोन्ही टोकांना दारं लावून ८०० टन पाणी आतच कोंडायचं आणि सगळा मिळून १,४५० टनांचा डोलारा वळवायचा. त्याच्या आधी तिथे इंजिनिअर जेम्स ब्रिंडलीने १७६१ ला बांधलेला दगडी जलसेतू होता, त्याच्या कमानी जहाजांना बुटक्या पडल्या म्हणून तो पाडला. जहाजासाठी दोन्ही फिरले की टॉवरच्या दोन बाजूंना एका ओळीत दिसतात, फोटो काढायचा तर तेव्हाच.

१९६० ला जवळच मोटरवेचा उंच पूल झाला, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडून जायला लागल्या. १९८२ ला कालव्याच्या मँचेस्टरकडच्या टोकाची सॅलफर्डची गोदी बंद पडली आणि तिकडच्या वरच्या टप्प्यात मोठी जहाजं येणंच जवळपास थांबलं, त्यामुळे पूलही आता क्वचितच फिरतो. दोन्ही रचना वारसा यादीत आहेत, अॅक्वेडक्टचा दर्जा एक पायरी वरचा. रस्त्याचा पूल मात्र अजूनही रोजच्या वापरातला, त्यावरून गाड्या चालूच असतात, आणि फिरला की जहाज पहिलं, गाडीवाल्याने गुपचूप इंजिन बंद करून बसायचं.